‘लिफ्टर बघून घेईल’

जुन्या इंजिनाचे हायड्रॉलिक लिफ्टर बदलायला घेतले की कुणी ना कुणी हमखास म्हणतं, ‘‘पुशरॉडचं काय घेऊन बसलात? जुनेच घाला. हायड्रॉलिक आहे, लिफ्टर बघून घेईल.’’ म्हणणारा नवशिका असता तर सोडून देता आलं असतं. पण तो बहुधा अनेक इंजिनं उघडून बसवलेला आणि म्हणूनच शब्दाला वजन असलेला माणूस असतो. त्याचं म्हणणं नीट मांडायचं तर असं: लिफ्टरच्या पोटात तेल आहे, स्प्रिंग आहे, वर-खाली सरकणारा प्लंजर आहे. कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या साखळीत कुठे फट पडली तर प्लंजर वर येऊन ती भरून काढतो, कुठे दाटी झाली तर खाली बसून जागा करून देतो. कारखान्याने पुशरॉडची एक लांबी ठरवून दिली, तिच्यावर लाखो गाड्या धावल्या. मग आता मोजमापांचा हा सोस कशाला? ऐकताना बिनतोड वाटतं. पण यातलं प्रत्येक विधान अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत व्हॉल्व्ह आणि कॅम मोजतात.

आधी लिफ्टर काय करतो ते पाहू, कारण ‘बघून घेतो’ म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो सोडवून पाहिलेला असतो. बाहेरचं नळकांडं कॅमवर चालतं. त्याच्या आत प्लंजर, प्लंजरच्या डोक्यावर पुशरॉडचं टोक बसणारी वाटी, खाली एक बारीक एकमार्गी झडप आणि तिच्या खाली हलकी स्प्रिंग. वाटी बाहेर उडू नये म्हणून वर एक तारेची क्लिप. कॅमची टाच लिफ्टरखाली असते तेव्हा व्हॉल्व्ह बंद असतो, साखळीवर भार नसतो. त्या वेळी स्प्रिंग प्लंजरला वर ढकलते आणि खालच्या पोकळीत तेल शिरतं. कॅमचं नाक वर येऊ लागलं की एकमार्गी झडप मिटते, तेल अडकतं आणि अडकलेल्या तेलाच्या खांबावर सगळा भार पेलला जातो. प्लंजर आणि नळकांडं यांच्यातल्या अतिबारीक फटीतून दर फेऱ्याला किंचित तेल निसटतं, पुढच्या टाचेवर ते भरून निघतं. अमेरिकी व्ही-एट इंजिनांच्या जुन्या सपाट लिफ्टरांत प्लंजरची एकूण धाव साधारण १५० ते २०० थाऊ असते. थाऊ म्हणजे लेथवरच्या माणसाच्या बोलीत इंचाचा हजारावा भाग. लिफ्टर बसवल्यावर, व्हॉल्व्ह बंद असताना, प्लंजर क्लिपपासून जितका खाली दाबलेला राहतो त्याला प्रीलोड म्हणतात. तो बहुतेक इंजिनांत २० ते ६० थाऊंच्या दरम्यान हवा असतो. क्लिप ही वरची भिंत, पोकळीचा तळ ही खालची. ‘आपोआप’ जे काही व्हायचं ते या दोन भिंतींच्या आतच होतं.

मग ही धाव कशासाठी दिलेली असते? गरम झाल्यावर धातू फुगतात, चालून चालून पृष्ठभाग झिजतात, यासाठी. हा आकडा किती असतो? ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे असलेल्या इंजिनाचा हिशेब करू. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सियसला दशलक्षात सुमारे २३ भागांनी वाढतं, पोलादी पुशरॉड सुमारे १२ भागांनी. दोनशे मिलिमीटर लांबीवर आणि ७० अंशांच्या तापमानवाढीत हा फरक भरतो ०.१५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सहा थाऊ. लोखंडी इंजिनात तर याहूनही कमी. वर्षानुवर्षांच्या झिजेचे आणखी काही धरा. लिफ्टरची नेमणूक या कामावर आहे. आपण मात्र हेड घासून, सीट कापून, कॅम ग्राइंड करून, गॅसकेट बदलून त्याच्या डोक्यावर पन्नास-साठ-सत्तर थाऊंचं ओझं ठेवतो आणि म्हणतो, घे बघून.

‘‘अहो, १५० थाऊंची धाव आहे, त्यात तुमचे वीस-तीस थाऊ कुठे हरवतील कळणारही नाही,’’ हा यावरचा पहिला आक्षेप. वीस-तीस एकटे येत असते तर मान्य केलं असतं. ते एकटे येत नाहीत. एक साधं इंजिन घ्या, शाफ्टवर रॉकर बसवलेलं, नट फिरवून काही जुळवायची सोय नसलेलं. मुळात प्रीलोड होता ४० थाऊ. हेड वाकलं होतं म्हणून २० थाऊ घासलं. हेड तितकं खाली आलं, रॉकरही आला, प्रीलोड २० ने वाढला. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग १० थाऊ साफ केला, आणखी १०. व्हॉल्व्ह आणि सीट पुन्हा ग्राइंड केल्यामुळे व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसला आणि त्याच्या दांड्याचं टोक ३० थाऊ वर आलं. रॉकरचं प्रमाण दीडपट असेल तर पुशरॉडच्या बाजूला तो २० थाऊ खाली दाबणार. नव्या लिफ्टरमधली वाटी जुन्यापेक्षा १५ थाऊ उंच निघाली. बेरीज ६५, आणि प्रीलोड १०५. आता कुणी म्हणेल, बघा, १५० च्या आतच आहे की! आहे, आणि इंजिन चालेलही. पण वेग वाढून व्हॉल्व्ह क्षणभर कॅमचा पाठलाग सोडतो तेव्हा साखळीत जी फट पडते ती फट समजून लिफ्टर तेल भरून घेतो आणि वर येतो. प्लंजरला वर यायला १०५ थाऊ मोकळे असतील तर तो व्हॉल्व्हला दीडपट, म्हणजे दीडशे थाऊंहून जास्त उघडा धरू शकतो, जवळजवळ चार मिलिमीटर. पिस्टन तिथे केव्हा पोचतो याचा विचार ज्याचा त्याने करावा. शिवाय कमी धावेचे लिफ्टर बाजारात मिळतात, त्यांत १०५ बसतच नाहीत. प्लंजर तळाला टेकतो आणि व्हॉल्व्ह बंदच होत नाही.

याची उलटी बाजूही तितकीच सामान्य आहे. जुना कॅम नव्याने ग्राइंड करून घेतला की नवा आकार जुन्याच धातूतून कोरला जातो, त्यामुळे टाचेचं वर्तुळ लहान होतं. त्रिज्या ४० थाऊंनी घटली तर लिफ्टर तितकाच खाली बसतो. वर गॅसकेट २८ थाऊंनी जाड आलं तर हेड तितकं वर. मूळच्या ४० मधून ६८ गेले. प्लंजर वरच्या क्लिपला टेकला आणि तरी २८ थाऊंची फट उरली. घन टॅपेटांच्या कॅमवर अशी फट हळूच मिटावी म्हणून सुरुवातीला लांब, संथ चढण दिलेली असते. हायड्रॉलिक कॅमवर ती चढण तशी नसते, कारण तिथे फट असणारच नाही असं कॅम कोरणाऱ्याने धरलेलं असतं. मग दर दोन फेऱ्यांना एक ठोका, आणि तो ठोका रॉकरवर, दांड्याच्या टोकावर आणि त्या बिचाऱ्या तारेच्या क्लिपवर. क्लिप निसटली की लिफ्टरचे आतले भाग इंजिनात फिरायला मोकळे. लिफ्टरने काय बघून घेतलं म्हणायचं?

गॅसकेटचा २८ हा आकडा हवेतून आणलेला नाही. ब्यूइकने १९६१ मध्ये आणलेलं ॲल्युमिनियमचं व्ही-एट इंजिन पुढे रोव्हरकडे गेलं आणि १९६७ पासून रोव्हरच्या मोटारींत, १९७० पासून रेंज रोव्हरमध्ये बसू लागलं. हे इंजिन या वादात नेहमी आणायला हवं. त्यात रॉकर शाफ्टवर, लिफ्टर हायड्रॉलिक, आणि प्रीलोड जुळवायला कुठेही स्क्रू नाही. सुरुवातीला हेडखाली पातळ पत्र्याचं गॅसकेट असे, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. नव्वदच्या दशकात कंपोझिट गॅसकेट आलं, साधारण १.२ मिलिमीटरचं. फरक ०.७ मिलिमीटर, म्हणजेच २८ थाऊ. जाड गॅसकेटसाठी रोव्हरने हेडही वेगळं केलं होतं, ज्वलनकक्ष लहान ठेवून. पण आज ही इंजिनं उघडणारे लोक जुन्या हेडखाली नवं गॅसकेट घालतात, नव्या हेडखाली जुनं घालतात, कुठलाही कॅम टाकतात आणि पुशरॉड मात्र निष्ठेने मूळच्याच लांबीचे ठेवतात. रॉकर शाफ्टच्या पायांखाली पातळ पट्ट्या घालून प्रीलोड जागेवर आणायची पद्धत याच इंजिनावर रूढ झाली. ती रूढ करावी लागली यातच उत्तर आहे.

दुसरा आक्षेप जास्त आवाज करून मांडला जातो: ‘‘कारखान्यात प्रत्येक इंजिनावर कुणी मोजत बसलं होतं का?’’ नव्हतं. कारखान्याला तशी गरजच नव्हती. ब्लॉकची उंची, हेडची जाडी, कॅमची टाच, व्हॉल्व्हच्या दांड्याची उंची, लिफ्टरमधली वाटी, ही सगळी मापं त्याच्या हातात होती आणि त्यांची जास्तीत जास्त घटबढ प्लंजरच्या धावेत मावेल असा हिशेब आधीच केलेला होता. पन्नास वर्षांनी तीन वेगळ्या मशीन शॉपांतून फिरून आलेल्या इंजिनात यातलं एकही माप कारखान्याच्या ताब्यात नाही. मग कारखान्याचा निष्काळजीपणा तेवढा उसना का घ्यायचा? आणि कारखाना खरोखर इतका निष्काळजी होता का? फोर्डच्या जुन्या व्ही-एट इंजिनांची वर्कशॉप मॅन्युअल काढून पाहा. मूळच्या लांबीपेक्षा ६० थाऊ लांब आणि ६० थाऊ आखूड असे पुशरॉड सर्व्हिससाठी मिळतात असं त्यांत साफ लिहिलेलं असे, आणि कुठला घालायचा ते ठरवायची रीतही दिलेली असे. लिफ्टरमधलं तेल दाबून काढायचं, प्लंजर तळाला टेकवायचा आणि रॉकर व दांड्याचं टोक यांच्यातली फट फिलर गेजने मोजायची. फट ठरलेल्या पट्ट्याच्या वर गेली तर लांब पुशरॉड, खाली गेली तर आखूड. रॉकरचं प्रमाण १.६ असेल आणि फट १२० थाऊ भरली तर प्लंजरखाली ७५ थाऊ धाव शिल्लक आहे. भागाकार शाळेतल्या मुलालाही येतो. ज्या कारखान्याच्या नावाने ‘कुणी मोजत नव्हतं’ म्हणायचं, त्याच कारखान्याने दुरुस्तीच्या टेबलावर मोजायला सांगून ठेवलेलं आहे.

मग शेव्हरलेवाले पुढे येतात. त्यांचं म्हणणं, १९५५ च्या स्मॉल ब्लॉकपासून आमचा प्रत्येक रॉकर स्वतंत्र स्टडवर आहे, वर नट आहे. नट फिरवला की प्रीलोड जुळला, पुशरॉडच्या लांबीला अर्थच काय? इथे दोन वेगळे प्रश्न एकाच भांड्यात ढवळले जातात. शाफ्टवरच्या रॉकरची उंची पक्की असते. तिथे पुशरॉडची लांबी फक्त प्रीलोड ठरवते. पॉन्टियाकच्या व्ही-एटमध्ये स्टड आहे, नटही आहे, पण स्टडला खांदा आहे आणि नट त्या खांद्यावर २० फूट-पाउंडांनी आवळून बसवायचा असतो. जुळवणी शून्य, तिथेही प्रीलोड पुशरॉडच्याच हातात. शेव्हरलेत मात्र नट प्रीलोड सांभाळतो आणि पुशरॉडची लांबी रॉकर स्टडवर किती वर-खाली बसणार, म्हणजेच त्याचं टोक दांड्याच्या माथ्यावर कुठून कुठे सरकणार, ते ठरवते. दांड्याच्या माथ्यावर मार्करची शाई लावा, हलकी स्प्रिंग घालून इंजिन हाताने काही फेरे फिरवा, रॉकर काढा आणि पाहा. शाई पुसून उमटलेली रेघ अरुंद आणि मध्याजवळ असेल तर ठीक. रेघ रुंद पट्ट्यासारखी पसरली असेल, एका काठाला चिकटली असेल, तर रॉकर व्हॉल्व्हला खाली दाबण्याबरोबर बाजूलाही ढकलतो आहे आणि ते ढकलणं गाइड सोसणार आहे. नट कितीही अचूक आवळा, ही रेघ नटाने सुधारत नाही. पुशरॉडनेच सुधारते.

बरं, नटाचा तरी हिशेब बरोबर असतो का? ‘शून्यावर आणा आणि एक फेरा द्या’ हे वाक्य तोंडपाठ असतं. ३/८ इंची स्टडवर इंचाला २४ आटे, म्हणजे एका फेऱ्याला ४२ थाऊ, म्हणून प्रीलोड ४२, असं पुढे सांगितलं जातं. चूक. नट खाली येतो तेव्हा रॉकरचा मध्य खाली येतो. व्हॉल्व्हकडचं टोक स्प्रिंगने धरून ठेवलेलं आहे, ते हलत नाही. त्यामुळे पुशरॉडकडचं टोक मध्यापेक्षा जास्त खाली जातं. दीडपट प्रमाणाच्या रॉकरवर ते पावणेदोन पटीच्या जवळ, नेमकं सांगायचं तर १.६७ पट जातं. म्हणजे एका फेऱ्याला प्लंजर ७० थाऊ दाबला जातो, ४२ नाही. ज्यांना आपल्या हाताने दिलेला एक फेरा किती भरतो ते ठाऊक नाही, त्यांनी पुशरॉडच्या लांबीचा हिशेब बाष्कळ ठरवावा, हे जरा जास्तच होतं.

आता त्या ‘शून्या’कडे वळू. पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा, फिरणं जड झालं की शून्य आलं, असा सर्रास प्रघात आहे. आपल्याकडे ही सवय कुठून आली ते सहज कळतं. जुन्या ओतीव लोखंडाच्या बुलेटमध्ये पुशरॉडलाच खाली जुळवणीचा स्क्रू होता आणि टॅपेट घन; पुशरॉड बोटांनी मोकळा फिरतो पण वर-खाली हलत नाही, तिथे टॅपेट सेट. घन टॅपेटवर ही कसोटी चोख आहे. पण २००९ च्या आसपास त्याच कंपनीच्या क्लासिकमध्ये यूसीई हे नवं इंजिन आलं, टॅपेट हायड्रॉलिक झाले, पुशरॉडवरचा स्क्रू गेला, आणि सवय तेवढी राहिली. सोबत नवं सुभाषित जन्माला आलं, ‘आता सेटिंग लागतच नाही’. कोऱ्या हायड्रॉलिक लिफ्टरमध्ये तेल नसतं. वाटीवर पुशरॉड टेकवून अंगठ्याने दाबा, प्लंजर स्पंजासारखा खाली जातो. अशा लिफ्टरवर फिरवून पाहिलं तर जडपणा जाणवेपर्यंत प्लंजर कधीच वीस-तीस थाऊ आत गेलेला असतो, कारण हलकी स्प्रिंग बोटांना फसवते. वंगण लावलेलं टोक तर आणखी फसवतं. म्हणून पुशरॉड फिरवायचा नाही, वर-खाली हलवून पाहायचा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक टाचेवर असतो, इनटेक मिटत आला की एक्झॉस्ट टाचेवर असतो; त्या जागी पुशरॉड चिमटीत धरून हलवत हलवत नट खाली आणायचा, आणि टकटक थांबली त्या क्षणी थांबायचं. शून्य ते. फिरवण्याचा हट्ट धरणाऱ्याच्या शून्यातच निम्मा प्रीलोड लपलेला असतो, वर तो ठरलेला फेराही देतो.

सगळ्यात जुना आणि सगळ्यांना पटणारा पुरावा म्हणजे कान. ‘‘आवाज गेला ना? मग झालं.’’ या पुराव्यात एक दोष आहे, आणि तो एकाच बाजूला झुकलेला आहे. पुशरॉड आखूड असेल तर टॅपेट वाजतो, साऱ्या गल्लीला ऐकू जातं. पुशरॉड लांब असेल तर इंजिन शांत असतं, नेहमीपेक्षाही शांत. व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही, काँप्रेशन गळतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्हला आपली उष्णता सीटला देता येत नाही आणि त्याची कड जळू लागते. यातल्या कशाचाही टकटक आवाज होत नाही. म्हणजे कानावर भिस्त ठेवणारा मिस्त्री दर दुरुस्तीत न कळत लांबीच्या बाजूला सरकत जातो, कारण त्या बाजूला त्याला हटकणारं काही नाही. मग काही महिन्यांनी एका सिलिंडरचं काँप्रेशन पडतं, हेड पुन्हा उतरतं, दोष इंधनाला दिला जातो, व्हॉल्व्हच्या धातूला दिला जातो, गाडीच्या मालकाच्या पायाला दिला जातो. व्हॉल्व्ह नवा बसतो, सीट पुन्हा कापली जाते, दांड्याचं टोक आणखी वर येतं. आणि पुशरॉड? तेच.

नव्या लिफ्टरबद्दलही एक भाबडी समजूत आहे, की एका इंजिनासाठीचे लिफ्टर सगळे सारखेच. व्यास सारखा असावाच लागतो, नाहीतर भोकात जाणार नाही. पण वाटीचा तळ नळकांड्याच्या खालच्या तोंडापासून किती उंचीवर आहे हे प्रत्येक बनवणारा आपल्या रचनेप्रमाणे ठेवतो. जुना आणि नवा लिफ्टर शेजारी ठेवा, दोन्ही प्लंजर क्लिपला टेकलेले आहेत ना पाहा, वाटीत एकाच मापाची गोळी ठेवा आणि उंची मोजा. मिनिटभराचं काम आहे. फरक निघाला तर तेवढा थेट प्रीलोडमध्ये जाणार. सपाट लिफ्टर काढून रोलर घालणाऱ्यांना हे ओरडून सांगावं लागत नाही, कारण तिथे फरक डोळ्यांना दिसतो: १९८७ पासून स्मॉल ब्लॉक शेव्हरलेत कारखान्यातूनच हायड्रॉलिक रोलर आले आणि पुशरॉड सुमारे ७.८ इंचांवरून सुमारे ७.२ इंचांवर उतरला. सहाशे थाऊंच्या फरकापुढे सगळे नम्र होतात. साठ थाऊ डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ते नसल्यासारखे वागायचं?

काहीजण मोजायला तयार होतात, पण तक्त्यात. अमुक इंजिन, तमुक लांबी, ऑर्डर टाका. तक्ता ज्या इंजिनाचा आहे ते कारखान्यातून नुकतं बाहेर पडलेलं आहे, तुमचं नाही. आणि तक्त्यातली लांबी कोणत्या पद्धतीने मोजली तेही विचारायला हवं. पुशरॉडच्या गोल टोकाला तेलासाठी भोक असतं. ५/१६ इंची गोळीत १०० थाऊ व्यासाचं भोक पाडलं तर गोळीचा माथा साधारण ८ थाऊ उडतो, दोन टोकांचे मिळून १६. कॅलिपरमध्ये पकडून मोजलेली लांबी आणि पूर्ण गोळी धरून काढलेली लांबी यांत एवढा फरक कायमचा असतो. विकणारा एक लांबी सांगतो, घेणारा दुसरी समजतो. हवी असलेली लांबी आणि आलेला पुशरॉड एकाच कॅलिपरने, एकाच रीतीने मोजले तरच त्या आकड्याला अर्थ आहे. शिवाय तयार पुशरॉड बहुधा ५० थाऊंच्या पायऱ्यांनी मिळतात, तेव्हा चुकून एक पायरी इकडेतिकडे झाली की २० ते ६० चा तो सगळा पट्टाच ओलांडला जातो.

एक गोष्ट मान्य करतो. ज्या इंजिनाचं हेड कधी उतरलं नाही, कॅम मूळचा आहे, आणि लिफ्टर त्याच बनवणाऱ्याचे, त्याच रचनेचे मिळाले, तिथे जुन्या लांबीचे पुशरॉड बहुतेक वेळा बरोबर बसतील. पण चाळीस-पन्नास वर्षांच्या इंजिनाच्या पोटात कुणी काय केलं हे मालकाला माहीत असतं का? आणि त्या इंजिनातही जुने पुशरॉड काचेवर लोळवून वाकलेत का ते पाहावंच लागतं, टोकं झिजलीत का ते पाहावंच लागतं. एवढं सगळं हातात घेतलंच आहे, तर त्यातला एक रॉकर बसवून प्लंजर किती खाली गेला ते पाहायला कुणाच्या बापाचं काय जातं?

वेळ आणि पैशाची सबब तर सगळ्यात तकलादू. जुळवता येणारा मापाचा पुशरॉड हे काही दुर्मीळ हत्यार नाही. इंचाला २० आटे असतील तर एका फेऱ्याला तो ५० थाऊ वाढतो, आणि चढवलेल्या फेऱ्यांवरून लांबी काढता येते. त्याची किंमत एका जळलेल्या व्हॉल्व्हच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही. पण हे मोजणं कधी करायचं, इथेच सगळी गाडी अडते. लिफ्टर, कॅम, गॅसकेट आणि पुशरॉड एकाच यादीत, एकाच दिवशी मागवले जातात, हेड अजून मशीन शॉपमध्ये असताना. पुशरॉडची लांबी ही मागवायची वस्तू नाही, ती बाकी सगळं बसल्यानंतर निघणारा आकडा आहे. हेड घासून आलं, व्हॉल्व्ह बसले, जे गॅसकेट राहणार आहे तेच घालून हेड पूर्ण टॉर्कने आवळलं, जो कॅम चालणार आहे तोच आत आहे, जे लिफ्टर राहणार आहेत त्यांतलेच लिफ्टर भोकात आहेत, आणि मापापुरती व्हॉल्व्हवर हलकी स्प्रिंग आहे. आता मापाचा पुशरॉड घालायचा, प्लंजर क्लिपला टेकलेला ठेवून टकटक थांबेपर्यंत लांब करायचा, काढून मोजायचा, आणि त्या लांबीत ३० ते ४० थाऊ मिळवायचे. रॉकर स्टडवर असेल तर आधी शाईची रेघ पाहून लांबी ठरवायची आणि मग नटाने प्रीलोड द्यायचा. हे एका सिलिंडरवर करून भागत नाही, कारण हेड तिरकं घासलं गेलेलं असू शकतं आणि सीटही कमीजास्त कापल्या गेलेल्या असतात. दोन्ही हेडांच्या टोकाच्या सिलिंडरांवर, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींवर माप घ्यावं. आकड्यांत वीस थाऊंहून जास्त फरक निघाला तर पुशरॉडची ऑर्डर थांबवावी आणि हेड जिथून आलं तिथे परत पाठवावं.